दर्याचा परवाना, गावाचा कागद

गोव्यावर पोर्तुगीजांनी साडेचारशे वर्षं राज्य केलं. 1510 ते 1961. एवढं आपल्याला पाठ असतं. शाळेच्या पुस्तकात वास्को द गामाचं चित्र असतं, दाढीवाला, मागं जहाज. पण राज्य केलं म्हंजे नेमकं काय केलं? रोज सकाळी उठून कोण कोणाला हुकूम सोडत होतं? पैसा कोणाच्या मुठीतून निघून कोणाच्या पेटीत पडत होता? हे पुस्तक सांगत नाही. पुस्तक राजाचं नाव सांगते आणि तारीख सांगते. मधला माणूस गाळते.

मी राईस मिलमध्ये काम करणारा. पोर्तुगीज येत नाही, इंग्रजी डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचतो. पण एक गोष्ट मला मिलनं शिकवली. मालक मिलमध्ये येत नाही. महिना महिना येत नाही. तरी मिल चालते, धान भरडलं जाते, कोंडा वेगळा होतो, पोती मोजली जातात, आणि शनिवारी हमालाच्या हाती पैसे कमीच पडतात. मालक नसताना मालकी कशी चालते, हा माझा प्रश्न. म्हणून लिस्बनचा राजा मांडवीच्या काठावर कसा राज्य करत होता, हे मी हुडकायला बसलो. आमच्यातला एक म्हातारा हमाल म्हणला, "काहून रे बापू, गोव्याचं वाचून तुले का भेटते?" त्याला दिलेलं उत्तरच इथं लिहितो आहे.

दर्या

पोर्तुगीज 1498 ला कालिकतला आले. माणसं थोडी, जहाजं थोडी, पण जहाजावर तोफा. सगळ्या आशिया खंडात मिळून त्यांची माणसं काही हजारच असत. तेवढ्यात मुलूख जिंकून बसता येत नाही. म्हणून त्यांनी आधी दर्या मागितला. दर्याला कुंपण घालता येत नाही, पण नाक्यावर उभं राहता येतं. गोवा 1510, मलाक्का 1511, होर्मुझ 1515, दीव 1535. नकाशावर बोट ठेवून बघा. एकेक दर्याचा नाका आहे.

मग त्यांनी कागद काढला. त्याला कार्ताझ म्हणत. म्हंजे दर्यावर फिरण्याचा परवाना. जहाजाचं नाव, तांडेलाचं नाव, कुठून कुठं जाणार, काय माल, सगळं त्यावर लिहिलेलं. मिरी न्यायची नाही, ती राजाची मक्तेदारी. शत्रूला न्यायचं नाही. आणि वाटेत पोर्तुगीज बंदरात थांबून जकात भरायची. हा कागद नसला की जहाज जप्त, माल जप्त. हजारो वर्षं अरब, गुजराथी, मलबारी ज्या पाण्यावरून विनापरवाना गेले, त्याच पाण्यावर आता चौकी. दिल्लीचा मोगल केवढा मोठा, पण मक्केला जाणाऱ्या त्याच्या जहाजांनाही फिरंग्यांचा कागद घ्यावा लागला. पुढं कान्होजी आंग्र्यांनी हा कागद मानला नाही, उलट स्वतःचं दस्तक काढलं. भांडण तत्त्वाचं नव्हतं. परवाना कोणी द्यायचा, एवढंच भांडण होतं.

आफ्रिकेतल्या मोझांबिकपासून चीनच्या मकावपर्यंत जेवढी ठाणी, त्या सगळ्यांचं मिळून एकच नाव, एस्तादो दा इंडिया. 1505 ला पहिला व्हाइसरॉय आला, फ्रान्सिस्को द आल्मेदा. 1530 पासून राजधानी गोवा. व्हाइसरॉयची मुदत साधारण तीन वर्षं. खजिन्याला वेगळा अधिकारी, त्याला व्हेदोर द फझेंदा म्हणत. 1544 ला वरिष्ठ कोर्ट आलं, रेलासांव. शहराची नगरसभा वेगळी, लिस्बनच्या धर्तीवर, तिच्यात गोव्यात घर करून राहिलेले पोर्तुगीज. त्या सभेत पोर्तुगीज कारागिरांचे प्रतिनिधी बसत. म्हंजे सुतार, लोहार यांनाही बोलायला जागा. फक्त तो सुतार गोरा पाहिजे. इथल्या सुताराला तिथं पाऊल नाही.

आता अंतराचा हिशेब करा. लिस्बनहून ताफा मार्च-एप्रिलात निघे, पावसाळी वारं धरून सप्टेंबरच्या सुमाराला गोव्याला लागे. गोव्याहून परतीचा ताफा डिसेंबर-जानेवारीत निघे, तो पुढच्या उन्हाळ्यात पोचे. गोव्यातून डिसेंबरात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पावणेदोन वर्षांनी मिळे. तेही जहाज बुडालं नाही तर. म्हणून एकेका पत्राच्या दोन-दोन, तीन-तीन नकला वेगवेगळ्या जहाजांतून पाठवत. ही सगळी पत्रं बांधून ठेवली आहेत. पणजीच्या दप्तरखान्यात त्यांच्या वह्यांना नावच आहे मान्सूनची पुस्तकं. गोव्याचं हे दप्तर 1595 ला सुरू झालं, दियोगु दु कोउतु नावाच्या माणसाच्या हाताखाली. पुढं पांडुरंग पिसुर्लेकरांनी त्याच दप्तरात आयुष्य घातलं म्हणून मराठीला थोडंफार कळलं.

पावणेदोन वर्षांचं अंतर असलं तर राजा राज्य कसं करणार? हुकूम येईस्तोवर व्हाइसरॉय बदललेला. किल्लेदारी, जकातनाक्याची जागा, सगळं तीन-तीन वर्षांसाठी बक्षीस म्हणून वाटलेलं, आणि मागं नंबर लावून बसलेले. पगार थोडा, खाणं मोठं. तीन वर्षांत वसूल करायचं. मुदत संपली की चौकशी होई, तीही कागदावर. एका हुकुमाची गोष्ट तर मुंबईचीच आहे. 1661 ला पोर्तुगालच्या राजानं बहिणीच्या लग्नात मुंबई इंग्रजाच्या राजाला देऊन टाकली. गोव्याच्या व्हाइसरॉयनं, आंतोनियु द मेलु द कास्त्रु त्याचं नाव, टाळाटाळ केली. इंग्रज मुंबईत बसले की हिंदुस्थान आपल्या हातून गेला, असं त्यानं राजाला कळवलं. हुकूम 1661 चा, बेट हातात गेलं 1665 ला. तिथं राहणाऱ्या कोळ्यांना, भंडाऱ्यांना, कुणब्यांना कोणी विचारलं? हुंड्यात भांडी देतात तशी माणसं दिली.

गाव

दर्याचं झालं. पण गोव्यात जमीनही होती. तिसवाडी म्हंजे तीस गावं, ती 1510 ला. साष्टी म्हंजे सहासष्ट गावं आणि बारदेश, हे दोन महाल 1543 ला कायमचे आले. या गावांतून सारा कसा काढायचा? भाषा येत नाही, शेत माहीत नाही, पीक माहीत नाही. गावोगाव शिपाई ठेवायला माणसं नाहीत.

तर त्यांनी काय केलं ते नीट वाचा. 1526 ला व्हेदोर द फझेंदा असलेल्या आफोन्सु मेशियानं गावच्या चालीरीतींची सनद लिहून काढली. तिला फोराल म्हणतात. गोव्यात गावकरी नावाची पद्धत पूर्वीपासून होती. गाव ज्यांनी वसवला म्हणतात त्यांच्या वंशातले पुरुष ते गावकर. जमीन त्यांच्या मंडळाची. मंडळ सारा भरणार, बांध-बंदिस्ती करणार, उरलं ते वाटून घेणार. फिरंग्यांनी गावकरांना विचारलं, तुमची रीत काय? गावकरांनी सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं. सभेत कुळकर्णी हजर पाहिजे. मुख्य गावकराचा मान पहिला. पानसुपारी आधी कोणाला, कापणी आधी कोणी सुरू करायची, हे देखील कागदावर आलं. वारसा पुरुषाला. मुलगा नसला तर जमीन सरकारजमा.

बदल्यात गावकरांनी काय द्यायचं? सारा. सगळ्या गावानं मिळून, ठरलेला, वेळेवर. एक गाव बुडालं तर बाकीच्या गावांनी भरायचा.

म्हंजे दहा समुद्र ओलांडून आलेल्या राजाला गावात एक बी शिपाई ठेवावा लागला नाही. त्यानं गावच्या वरच्या माणसाच्या हाती कागद दिला आणि सांगितलं, तुझं ते तुझंच, मला माझं दे. आधी जी रीत होती ती निदान तोंडी होती. तोंडी रीत भांडून बदलता येते, उपाशी माणूस तिच्याशी हुज्जत घालू शकतो. लिहिली की ती कायदा होते. मग हुज्जत घालणारा गुन्हेगार.

आणि ज्यांना विचारलं नाही ते कोण? गाव झाडणारा, मेलेलं ढोर ओढणारा, निरोप घेऊन उन्हात पळणारा, बांध फुटला तर रात्री चिखलात उभा राहणारा. गोव्यात महार होते, चांभार होते. गावाची चाकरी करणाऱ्याला जमिनीचा तुकडा लावून देत, त्याला नमस म्हणत. तुकडा चाकरीपुरता, मालकी नाही. आपल्याकडच्या वतनाचंच भावंड ते. वतन म्हंजे कसली बेडी आहे हे बाबासाहेबांनी 1928 ला मुंबई कौन्सिलात बिल आणून सांगितलं होतं. गोव्याच्या सनदेत तळच्या माणसाचं काम गृहीत आहे. त्याची सही नाही.

ठेका

तिसरं साधन ठेक्याचं. जकात, दारू, तंबाखू, बाजारातले बारीकसारीक कर, हे सगळं सरकार लिलावात काढी. जो जास्त बोली बोलेल तो आगाऊ पैसा भरणार आणि मग लोकांकडून आपल्या हिमतीवर वसूल करणार. याला रेंद म्हणत. माडाची सूर काढणाऱ्याला कोकणीत आजही रेंदेर म्हणतात, तो शब्द याच ठेक्यातला.

हे ठेके कोणी घेतले? सतराव्या शतकातले बहुतेक ठेकेदार हिंदू होते, आणि त्यांत सारस्वत ब्राह्मण पुढं. ज्या राज्यात देवळं पाडली जात होती त्याच राज्याचा खजिना हे भरत होते. दुभाषे तेच, वकील तेच, सावकार तेच. त्यांना काढून टाकावं म्हणून पाद्री ओरडत राहिले. सरकारनं काढलं नाही, कारण त्यांच्याविना सरकारचा गाडा एक दिवस चालत नव्हता. आपल्याला सांगतात की फिरंगी विरुद्ध हिंदू असा सरळ झगडा होता. वहीत तसं दिसत नाही. वहीत भागीदारी दिसते.

आमच्या तोंडातले शब्द बघा. पगार हा शब्द पोर्तुगीजांकडून आला. लिलाव त्यांचाच. घमेलं त्यांचंच, जे मी दिवसभर डोक्यावर वाहतो. तुरुंग त्यांचाच. आणि इंग्रज ज्याला कास्ट म्हणतो तो शब्दसुद्धा पोर्तुगीजांच्या कास्तावरून आला. इथली जात बघून त्यांनी आपल्या भाषेतला, वंशाचा-जातकुळीचा शब्द तिला लावला आणि साऱ्या जगाला दिला. जात आपल्याकडची, नाव त्यांच्याकडचं. पगार, लिलाव, घमेलं, तुरुंग, कास्ट. पाच शब्दांत राज्य कसं चालत होतं ते आलं.

क्रूस

आता धर्म. इथं आपल्या पोरांचं रक्त गरम होते, म्हणून हळू वाचा.

1540 च्या सुमाराला तिसवाडीतली देवळं पाडली, 1567 ला साष्टीतली. देवळांच्या जमिनी, उत्पन्न चर्चकडं आणि पाद्र्यांच्या कॉलेजाकडं गेलं. मंगेशी कुठ्ठाळीहून, शांतादुर्गा केळशीहून नदीपलीकडं फोंड्यात हलली. 1559 ला हुकूम झाला की अनाथ हिंदू पोर नेऊन त्याला ख्रिस्ती करायचं. 1560 ला इन्क्विझिशन आलं. धर्माचं कोर्ट. आधी ज्यू वंशाचे ख्रिस्ती त्याच्या तावडीत, मग बाटलेले इथले लोक, गुपचूप जुन्या रीती पाळतात म्हणून. ते 1812 पर्यंत टिकलं, मध्ये चार वर्षं काय ती बंद. सोळा हजारांच्या घरात खटले झाले. गार्सिया द ओर्ता हा मोठा वैद्य, 1563 ला गोव्यात त्याचं औषधींवरचं पुस्तक छापलं, मुंबई बेट त्याच्याकडं खंडानं होतं. तो 1568 ला मेला, आणि 1580 ला त्याची हाडं उकरून जाळली, कारण तो आतून ज्यू राहिला म्हणे. 1684 ला कोकणी बोलायची नाही, तीन वर्षांत पोर्तुगीज शिका असा हुकूम. 1736 ला इन्क्विझिशनचा एक जाहीरनामा निघाला. त्यात तुळस लावायची नाही, धोतर नेसायचं नाही, आणि भात शिजवताना मीठ आधी घालायचं, हिंदूंसारखं मागून घ्यायचं नाही. अ. का. प्रियोळकरांनी 1961 च्या पुस्तकात हा जाहीरनामा दिला आहे. मी भाताच्या गिरणीतला माणूस, ते वाचून खूप वेळ हसू आलं, मग थांबलं. राज्य कुठवर पोचते? भाताच्या हंडीपर्यंत पोचते.

जुलूम होता. तो लपवायचा नाही. पण एवढ्या जुलमानं एक गोष्ट का मोडली नाही? मीठ बघणाऱ्या कोर्टाला जात दिसली नाही?

दिसली. आणि राहू दिली. गावकर बाटला, गावकरच राहिला. मंडळात त्याचा हिस्सा राहिला. ब्राह्मण बाटला तो बामण झाला, क्षत्रिय म्हणवणारा चारडो, त्याखाली सुदिर, गावडे-कुणबी, आणि तळाला ख्रिस्ती महार, ख्रिस्ती चांभार. चर्चमध्ये कोन्फ्रारिया म्हणून मंडळं असत, सण, मिरवणूक, मानाचा झगा त्यांच्याकडं. ती मंडळं जातीजातीची. इथला माणूस पाद्री व्हायचा तर बहुतेक बामण घरातला, मग चारडो. आणि त्यालाही गोरे पाद्री बरोबरीनं बसवत नव्हते. मातेउश द कास्त्रु हा दिवाडीचा ब्राह्मण ख्रिस्ती, गोव्याच्या आर्चबिशपनं त्याला दीक्षा नाकारली. तो रोमला गेला आणि तिथून 1637 ला बिशप होऊन आला. 1787 ला गोव्यातल्या अशाच नाराज पाद्र्यांनी कट केला, पिंटोंचा कट म्हणतात. पंधरा जणांना फाशी. त्यांचा राग खरा होता. पण तो आपल्याला गोऱ्याच्या शेजारी बसवा, असा राग होता. महाराला आपल्या शेजारी बसवा, असा नव्हता.

दक्षिणेत मदुरेला रोबेर्तु द नोबिली या पाद्र्यानं ब्राह्मण बाटवले ते जानव्यासकट. गोव्यात वाद झाला, रोमला गेला, आणि 1623 ला पोपनं परवानगी दिली की बाटलेल्या ब्राह्मणानं जानवं, शेंडी, गंध ठेवायला हरकत नाही. बघा भावांनो. तुळशीला बंदी, जानव्याला मुभा. कारण तुळशीला हात लावला तर एक बाई रडणार. जानव्याला हात लावला तर गावाचा वरचा माणूस जाणार, आणि तो गेला तर सारा कोण भरणार, खाली कोण दाबणार?

इन्क्विझिशनचे खटले सगळे पुस्तकात येतात. जातीचा खटला कोणी चालवलाच नाही, म्हणून तो पुस्तकात येत नाही.

तळ

आणखी खाली एक तळ होता. गोव्याच्या हमरस्त्यावर, रुआ दिरेता म्हणतात तिला, सकाळी बाजार भरे. लिन्स्कोटन हा डच माणूस 1583 ते 1588 गोव्यात आर्चबिशपच्या नोकरीत होता, त्यानं लिहून ठेवलं आहे. घोडे, गालिचे, दागिने यांच्या बरोबर माणसं लिलावात. मोझांबिकहून आणलेले काळे गुलाम, बायका, पोरं. त्यांच्याकडून पालखी उचलून घ्यायची, पाणी विकून घ्यायचं, कमाई मालकाची. जे पळाले त्यांतल्या काहींची लेकरं आजही कर्नाटकच्या जंगलपट्ट्यात आहेत, सिद्दी म्हणतात त्यांना. पोर्तुगालनं गुलामगिरी कागदावर बंद केली 1869 ला.

उत्तरेला वसई-ठाण्याचा भाग, ज्याला आपले लोक फिरंगाण म्हणत, तिथं आणखी वेगळी तऱ्हा. गावंच्या गावं पोर्तुगीज सरदारांना आणि पाद्र्यांच्या मठांना खंडानं दिलेली. तीन पिढ्यांसाठी. सरकारला ठराविक खंड भरायचा, लढाईसाठी घोडा पाळायचा. कुळ त्या गावाबरोबर आलेलं. 1739 ला चिमाजी आप्पानं वसई घेतली. किल्ल्यावरचं निशाण बदललं. पण पेशवाईत आपल्या गळ्यात काय आणि कंबरेला काय बांधलेलं होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको. ज्याच्या पाठीवर राज्य उभं असते त्याला निशाणाचा रंग दिसत नाही, वजन कळते.

आपल्या इकडं

आता म्हाताऱ्याच्या प्रश्नाला येतो. गोव्याचं वाचून का भेटते?

आपला गोंदिया 1 मे 1999 ला वेगळा जिल्हा झाला, त्याआधी भंडारा. हा मुलूख इंग्रजाच्या मध्यप्रांतात होता. 1860 च्या दशकात इंग्रजानं इथं जमाबंदी केली. सारा गोळा करणारा जो मालगुजार, त्यालाच त्यानं गावाचा मालक करून टाकलं. आधीचा वसुलीवाला एका सहीत धनी झाला. तलाव त्याचे, पडीक त्याचं, झाडं त्याची. जमाबंदीत एक कागद केला, वाजिब-उल-अर्ज. म्हंजे गावच्या चालीरीतींचा कागद. पाणी कोणी घ्यायचं, कोणी किती, सरपण कुठून, चराई कुठं, गावचा नोकर कोण आणि त्यानं काय करायचं.

तिकडं फोराल, इकडं वाजिब-उल-अर्ज. मधी साडेतीनशे वर्षं, राजा वेगळा, भाषा वेगळी, धर्म तोच पण पंथ वेगळा. युक्ती एकच. परका येतो, वरच्याला विचारतो, लिहून घेतो, शिक्का मारतो. आणि तलाव कोणी खोदला, कोणाच्या आजीनं टोपल्यात माती वाहिली, ते लिहीत नाही. मालगुजारी 1950 च्या कायद्यानं 1951 ला गेली. तलावांचं नाव गेलं नाही. आजही सरकारी कागदात त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात, लोक मामा तलाव म्हणतात. ज्यानं खोदला त्याच्या नावाचा एक तलाव दाखवा.

गोव्यातही कागद मेला नाही. 1526 ची रीत पुढं 1904 च्या आणि 1961 च्या संहितेत शिरली. गोवा 19 डिसेंबर 1961 ला मुक्त झाला, पण गावकऱ्यांची मंडळं, कोमुनिदाद, आजही आहेत. दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी टाकून राहणाऱ्या मुंडकाराला संरक्षण द्यायला 1975 साल उजाडावं लागलं. आणि तळच्या ख्रिस्ती माणसाचं काय? 1950 च्या राष्ट्रपतींच्या हुकुमात अनुसूचित जात म्हंजे फक्त हिंदू. 1956 ला शीख घातले, 1990 ला आपण बौद्ध. 1990 पर्यंत आपण धर्मांतर केलं म्हणून आपली सवलत कशी अडवली, हे आपल्या घराघरात माहीत आहे. ख्रिस्ती महार अजून बाहेरच आहे. गावात तो महार, चर्चमध्ये महार, सरकारच्या कागदात नाही. पाचशे वर्षांपूर्वी सनदेत सही नव्हती, आता यादीत नाव नाही.

आपण मुंबईच्या मोर्च्यातले फोटो बघतो, म्हणतो आपण गिरणी कामगार, सगळे एक. पण मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात आपल्याला घेत नव्हते. धाग्याला तोंड लावावं लागे म्हणून. पगार त्या खात्यात जास्त. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न धरला. ती बंदी इंग्रज मालकानं काढलेली नव्हती, आपल्याच कामगार भावांनी पाळलेली होती. मालकाला फुकटात मुकादम मिळाले होते. मुकादमाला कधी पगार द्यावा लागतो, कधी नुसती जात दिली तरी भागते.

म्हणून मला जे भेटलं ते हे. इतिहास वाचताना राजा कोण होता, हे शेवटी विचारायचं. आधी विचारायचं की कागद कोणाला विचारून लिहिला. वसुलीचा ठेका कोणाकडं होता. आणि ज्या कामाविना गाव एक दिवस चाललं नसतं, ते काम करणाऱ्याचं नाव त्या कागदात कुठं आहे. परक्याचा जुलूम सांगून जे आपल्या लोकांचं डोकं गरम करतात, त्यांना हेच प्रश्न विचारा. आणि परक्यानं आपल्याला वर काढलं म्हणून जे त्याचे गोडवे गातात, त्यांनाही विचारा. उत्तर देताना दोघंही वही झाकतील.

आता कामाचं. आपल्या गावचं निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज सरकारी दप्तरात असतात. माहितीचा अधिकार 2005 पासून आहे. अर्ज करा, नक्कल घ्या. पूर्व विदर्भात जंगलाच्या आणि तलावाच्या हक्कासाठी लोक याच कागदाच्या जोरावर उभे राहिले आहेत. नक्कल हाती आली की वस्तीत संध्याकाळी मोठ्यानं वाचा. म्हाताऱ्या बायांना बोलवा. कागदात जे लिहिलं नाही ते त्या सांगतील. कोणाच्या सासऱ्यानं बांध घातला, कोणतं शेत कोणाच्या हातून कसं गेलं, विहिरीवर कोणाला कुठं उभं करत. ते तारखेसकट, नावासकट दुसऱ्या वहीत लिहा. शुद्ध नाही आलं तरी चालते. फोराल लिहिणाऱ्यालाही इथली भाषा येत नव्हती, तरी त्याचं लिहिलेलं साडेचारशे वर्षं चाललं.

आपल्याला तर भाषा येते.

जयभीम.

— कुडवा, गोंदिया